न पाडता, भाडेकरूंना न हलवता : फ्रान्समधल्या स्वस्त घरांची ऊर्जा-दुरुस्ती

इतिहासाच्या पुस्तकांत सहसा जागा न मिळणाऱ्या एका विषयाकडे आज आपण बघणार आहोत. कामगारांसाठी, बेताच्या उत्पन्नाच्या लोकांसाठी, सरकारी पैशातून बांधलेल्या मोठमोठ्या इमारती जुन्या झाल्या की त्यांचं काय करायचं? आणि त्या इमारती उबदार ठेवायला लागणारं इंधन महाग झालं, की तो वाढीव खर्च कोणी सोसायचा? हे दोन प्रश्न फ्रान्समध्ये गेल्या सत्तर वर्षांत एकमेकांत कसे गुंतत गेले, हे आपण क्रमाने पाहू. शेवटी थोडं आपल्याकडेही वळू.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्याला घरात त्रास होतो तो उन्हाळ्याचा. युरोपात घर गरम ठेवणं हा जगण्याचा प्रश्न असतो. तिथे भाडेकरूला दोन खर्च असतात: एक घरभाडं आणि दुसरा हीटिंगचा. भाडं कमी असलं तरी हीटिंगचं बिल जास्त आलं, तर ते घर ‘स्वस्त’ राहत नाही. ‘परवडणारं घर’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा या दोन्हींची बेरीज डोळ्यापुढे ठेवायला हवी.

फ्रान्समध्ये स्वस्त घरांसाठीचा पहिला मोठा कायदा १८९४ सालचा. त्या घरांना तेव्हा सरळ ‘स्वस्त घरं’च म्हणत. १९५० मध्ये नाव बदललं आणि ‘माफक भाड्याची घरं’ असं झालं. फ्रेंच आद्याक्षरांवरून त्यांना आजही ‘आश-एल-एम’ म्हणतात. पण दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई इतकी होती, की नुसत्या कायद्याने भागणारं नव्हतं. १९५४ चा हिवाळा फार कडक गेला. पॅरिसच्या रस्त्यावर एक बाई थंडीने गोठून मेली. घर खाली करण्याचा हुकूमनामा तिच्या जवळच सापडला. त्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, आबे पिएर या धर्मगुरूंनी रेडिओवरून लोकांना मदतीची हाक दिली आणि सगळा देश हलला. म्हणजे बघा, फ्रान्समधल्या सार्वजनिक घरबांधणीच्या मोठ्या लाटेच्या सुरुवातीलाच थंडी आहे आणि भाडेकरूला बाहेर काढणं आहे. पुढची सगळी गोष्ट याच दोन धाग्यांची आहे.

त्यानंतरची वीस वर्षं झपाट्याने बांधकाम झालं. १९५८ च्या अखेरीस सरकारने शहरांच्या कडेला घरबांधणीसाठी खास क्षेत्रं ठरवायला सुरुवात केली. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे पॅनेल यायचे, रुळांवरून सरकणारी क्रेन ते उचलून एकावर एक रचायची. शेकडो फ्लॅटच्या लांबलचक इमारती आणि पंधरा-वीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले. आज त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण पाणी नसलेल्या, संडास नसलेल्या खोल्यांतून तिथे राहायला गेलेल्या कुटुंबांना नळ, न्हाणीघर, रेडिएटर आणि भरपूर उजेड पहिल्यांदाच मिळाला होता, हे विसरून चालणार नाही.

या इमारतींची एक बाजू मात्र कोणी मोजली नव्हती. भिंती काँक्रीटच्या, बऱ्याचदा उष्णता अडवणारा थर नसलेल्या. खिडक्या मोठ्या, पण काच एकेरी. तळाशी एक सामाईक बॉयलर, आणि त्यातून सगळ्या घरांना गरम पाणी फिरायचं. तेल स्वस्त होतं. घर तापवायचं, भिंतीतून निम्मी ऊब बाहेर गेली तरी चालायचं, कारण ती ऊब जवळपास फुकट होती.

मग १९७३ साल आलं. एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. मार्चमध्ये मंत्री ऑलिव्हिए गिशार यांनी परिपत्रक काढून अशा अवाढव्य वसाहती बांधणं थांबवलं. एकसारख्या इमारतींमध्ये माणसं अलग पडतात, अशी टीका वाढत चालली होती. आणि ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं. पुढच्या काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत जवळपास चौपट झाली. फ्रान्सकडे स्वतःचं तेल नाहीच म्हणायला हवं. १९७४ मध्ये तिथे इमारतींसाठी पहिला उष्णता-नियम आला. त्याचा हेतू होता नव्या घरांतला ऊर्जेचा खर्च सुमारे २५ टक्क्यांनी कमी करण्याचा.

इथे जरा थांबू या. नियम कोणासाठी होता? जी घरं अजून बांधायची होती त्यांच्यासाठी. जी लाखो घरं आधीच उभी होती, ज्यांत गरीब माणसं राहत होती, आणि जी सगळ्यात जास्त ऊब गमावत होती, ती नियमाबाहेर राहिली. हे सगळीकडेच होतं. नव्या इमारतीला नियम लावणं सोपं असतं, कारण खर्च घर विकत घेणाऱ्यावर टाकता येतो. उभ्या इमारतीत माणसं राहत असतात. तिथे प्रत्येक सुधारणेपुढे एकच प्रश्न उभा राहतो: खर्च कोणाचा, आणि फायदा कोणाचा?

या प्रश्नाला फ्रान्सने निरनिराळ्या काळात निरनिराळी उत्तरं दिली. पॅरिसच्या एकाच इमारतीवर आपल्याला ती जवळपास सगळी वाचता येतात.

पॅरिसच्या उत्तरेला, सतराव्या विभागात, रिंग रोडला लागून ‘तूर ब्वा-ल-प्रेत्र’ नावाचा मनोरा आहे. वास्तुकार रेमों लोपेझ यांनी त्याचा आराखडा केला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बांधून झाला. सोळा मजले, ९६ फ्लॅट. मूळ दर्शनी भाग हलका, काचेचा, उजेड देणारा होता. पण एकेरी काच आणि हलक्या पॅनेलमुळे हिवाळ्यात घरं गार पडत. १९९० च्या सुमारास त्याचं नूतनीकरण झालं. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे सरळ उपाय केला गेला: बाहेरून उष्णतारोधक थर चढवला, वर पत्रे मारले, खिडक्या लहान केल्या. एका अर्थाने ही ऊर्जाबचतच होती. पण ती झाली उजेड कापून. घरं काळोखी झाली, इमारत अधिकच उदास दिसू लागली. दुरुस्तीवर पैसा खर्च झाला आणि तरी इमारतीचा लौकिक घसरला.

असं बऱ्याच ठिकाणी घडलं. आणि मग दुसरी वाट समोर आली, पाडण्याची. ल्योंजवळच्या ल मँगेत वसाहतीत १९८३ मध्ये तीन मनोरे पाडले गेले. पॅरिसजवळ ला कुर्नव्ह इथे १९८६ मध्ये एक प्रचंड लांब इमारत स्फोटाने जमीनदोस्त केली, टीव्हीने ते दृश्य देशभर दाखवलं. २००३ मध्ये मंत्री जाँ-लुई बोर्लो यांच्या कायद्याने याला राष्ट्रीय कार्यक्रमाचं रूप आलं: पाच वर्षांत २ लाख घरं पाडायची, तेवढीच नवी बांधायची आणि तेवढीच दुरुस्त करायची. ब्वा-ल-प्रेत्रचा मनोरा पाडावा, अशीही चर्चा सुरू होती.

पाडण्याच्या बाजूने बोलणारे सगळे चुकीचे होते असं नाही. काही वसाहतींत लिफ्ट बंद, जिने असुरक्षित, आजूबाजूला ना दुकान ना काम. तिथल्या काही रहिवाशांनाही इमारत जावी असंच वाटत होतं. पण पाडण्याच्या हिशेबात दोन गोष्टी धरल्या जात नव्हत्या. पहिली म्हणजे तिथली माणसं. शेजारपाजार, मुलांची शाळा, कामाचा रस्ता, हे सगळं त्यांच्याबरोबर उठून दुसरीकडे जात नाही. दुसरी गोष्ट ऊर्जेचीच. इमारत उभी करताना सिमेंट भाजायला, लोखंड वितळवायला आणि ते सगळं वाहून आणायला ऊर्जा लागलेली असते. ती आधीच खर्च झाली. इमारत पाडली की ती मातीत जाते, आणि नवी बांधताना पुन्हा तेवढीच किंवा जास्त लागते. नवं घर कमी बिलाचं असलं, तरी ही उधारी फिटायला बरीच वर्षं जातात.

२००४ मध्ये तीन वास्तुकारांनी या धोरणाला उत्तर दिलं. आन लाकातों, जाँ-फिलीप व्हासाल आणि फ्रेदेरिक द्रुओ ही त्यांची नावं. सांस्कृतिक मंत्रालयासाठी त्यांनी ‘प्लुस’, म्हणजे ‘अधिक’, या नावाचा अभ्यास केला. म्हणणं साधं होतं: काहीही पाडू नका, आहे त्यातून काही काढून घेऊ नका, भर घाला. पाडून नवं बांधायच्या पैशात त्याच इमारतीतली घरं मोठी, उजेडाची आणि उबदार करता येतात, हे त्यांनी आकडेमोड करून दाखवलं.

या विचारामागे त्यांचा जुना अनुभव होता. व्हासाल यांनी १९८० च्या दशकात आफ्रिकेतल्या नायजर देशात काम केलं होतं. हाती असेल तेवढ्यात माणसं कशी सावली आणि वारा उभा करतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. १९९३ मध्ये या दोघांनी बोर्दोजवळ एका कुटुंबासाठी कमी पैशांत घर बांधलं. शेतातल्या ग्रीनहाउसला लावतात तसले पारदर्शक पत्रे वापरून त्यांनी घराला एक मोठी ऊनखोली जोडली. आणि १९९६ मध्ये बोर्दो शहराने एक चौक सुशोभित करायला सांगितला, तेव्हा त्यांनी तिथे राहणाऱ्यांशी बोलून उत्तर दिलं, की हा चौक छान आहे, झाडांची निगा राखा, खडी वेळेवर बदला, बाकी काही करू नका. आपल्याकडे ‘सुशोभीकरण’ या शब्दाखाली काय काय होतं हे आपण जाणतोच, त्यामुळे हे उत्तर किती धाडसाचं होतं ते समजायला हरकत नाही.

आता पुन्हा मनोऱ्याकडे. पॅरिसच्या सार्वजनिक गृहसंस्थेने २००५ मध्ये स्पर्धा घेतली आणि हे तिघे निवडले गेले. त्यांनी काय केलं? १९९० चा तो थर आणि लहान खिडक्या काढून टाकल्या. प्रत्येक घराला जमिनीपासून छतापर्यंत सरकत्या काचा दिल्या. आणि इमारतीच्या बाहेर, स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा एक नवा सांगाडा जोडला. त्यात प्रत्येक घरासाठी दोन मीटर रुंदीची काचबंद जागा आणि तिच्यापुढे एक मीटरची उघडी बाल्कनी. फ्रेंचमध्ये त्या काचबंद जागेला ‘हिवाळ्यातली बाग’ म्हणतात. आपण तिला पडवी म्हणू या.

हा शब्द मुद्दाम वापरतोय. कोकणातलं जुनं घर आठवा. माजघराभोवती ओटी आणि पडवी असते. बाहेरचं ऊन, पाऊस आधी पडवीला लागतो, मग आत. मधला हा पट्टा उन्हाचा आणि पावसाचा मारा आपल्या अंगावर घेतो. पॅरिसमध्ये तेच झालं, फक्त उलट्या ऋतूसाठी. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तिरपं ऊन काचेतून आत येतं आणि पडवीतली हवा तापते. दोन काचांच्या मधली ही हवा घराची ऊब धरून ठेवते. उन्हाळ्यात बाहेरची तावदानं सरकवून टाकायची, पडदे ओढायचे, की पडवीची बाल्कनी होते. इथे मोठी यंत्रणा नाही, रोजचं काम तिथला माणूस स्वतःच्या हाताने करतो. सगळं धरून ऊर्जेची गरज निम्म्याहून खाली आणण्याचा हिशेब आराखड्यात होता. १९९० मध्ये उजेड देऊन ऊब घेतली होती, आता दोन्ही मिळाले.

आणि महत्त्वाची गोष्ट: काम चालू असताना लोक तिथेच राहिले. नवे भाग कारखान्यात तयार होऊन आले आणि क्रेनने बाहेरून जोडले गेले. कोणाला इमारतीतच दुसऱ्या फ्लॅटमध्ये जायचं असेल, कुटुंब वाढलं म्हणून किंवा लहान झालं म्हणून, तर तीही सोय केली होती. २०११ मध्ये काम संपलं तेव्हा इमारतीचं क्षेत्रफळ सुमारे ८,९०० वरून १२,४०० चौरस मीटरच्या पुढे गेलं होतं. घरं ९६ ची १०० झाली. खर्च आला सुमारे १ कोटी १२ लाख युरो. पाडून नव्याने बांधायला २ कोटींच्या आसपास लागले असते, असा अंदाज होता.

हेच काम पुढे बोर्दो शहरातल्या ‘ग्राँ पार्क’ वसाहतीत मोठ्या प्रमाणावर झालं. १९६० च्या दशकातल्या तीन इमारती, १० ते १५ मजली, एकूण ५३० फ्लॅट. लाकातों, व्हासाल आणि द्रुओ यांच्याबरोबर इथे क्रिस्तोफ उतँ हे वास्तुकारही होते. दर्शनी बाजूला ३.८ मीटर खोलीची पडवी आणि बाल्कनी जोडली. एका फ्लॅटचं काम साधारण दोन आठवड्यांत उरकायचं, आणि घरातली माणसं घरातच असायची. काम झाल्यावर भाडं वाढलं नाही. २०१९ मध्ये या कामाला युरोपीय महासंघाचं मीस व्हान डेर रोह पारितोषिक मिळालं आणि २०२१ मध्ये लाकातों आणि व्हासाल यांना प्रित्झकर.

पारितोषिकं सोडून देऊ. आपल्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. माणसं जागेवर राहणार आणि भाडं जागेवर राहणार, या दोन अटी आधी ठरल्या. आराखडा त्या अटींतून निघाला. कामगार आत कमीत कमी दिवस हवेत, म्हणून भाग कारखान्यात तयार झाले. खर्च आवाक्यात हवा, म्हणून महाग सजावट नाही.

क्रम उलटा असला की काय होतं, याचं उदाहरण जर्मनीत आहे. तिथल्या कायद्यानुसार घरमालक आधुनिकीकरणाच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा वार्षिक भाड्यात वाढवू शकतो. २०१८ पर्यंत हा हिस्सा ११ टक्के होता, २०१९ पासून ८ टक्के. समजा, एका फ्लॅटच्या उष्णतारोधक थरावर आणि खिडक्यांवर २०,००० युरो लागले. ११ टक्क्यांनी वर्षाचे २,२०० झाले, म्हणजे महिन्याला सुमारे १८३ युरो. हीटिंगचं बिल महिन्याला ५० युरोंनी कमी झालं असं धरलं, तरी भाडेकरू १३३ युरोंनी खड्ड्यात. शिवाय खर्च वसूल झाल्यावरही वाढलेलं भाडं खाली येत नाही. बर्लिनसारख्या शहरांत भाडेकरूंनी ऊर्जा-नूतनीकरणाला विरोध केला, तो पर्यावरणाच्या वैराने नव्हे. त्यांना घर सोडावं लागत होतं.

फ्रान्सने २००९ मध्ये वेगळा मार्ग काढला. भाडेपावतीवर तिसरी ओळ: भाडं, इतर खर्च आणि ऊर्जा-दुरुस्तीतला वाटा. या वाट्याला मर्यादा अशी, की अंदाजे जेवढी बचत होईल तिच्या निम्म्याहून जास्त तो असता कामा नये, आणि तोही जास्तीत जास्त १५ वर्षं. बचतीचा निम्मा भाग तरी भाडेकरूच्या हातात राहावा, हा त्यामागचा हेतू. २०२१ च्या कायद्याने पुढचं पाऊल टाकलं. सगळ्यात खालच्या ‘जी’ श्रेणीतलं घर २०२५ पासून भाड्याने देता येत नाही, २०२८ पासून ‘एफ’ आणि २०३४ पासून ‘ई’. म्हणजे १९७४ ला जी घरं नियमाबाहेर राहिली होती, ती अर्ध्या शतकाने नियमात आली.

प्रश्न फक्त पैशाचा असतो असंही नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं नूतनीकरण २०१६ मध्ये पूर्ण झालं. २४ मजली सार्वजनिक इमारतीला बाहेरून उष्णतारोधक थर आणि पत्र्यांचं आवरण चढवलं होतं. ते आवरण ज्वलनशील निघालं. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसं गेली. आगीचा धोका आहे, असं रहिवाशांच्या गटाने त्याआधी जाहीरपणे लिहिलं होतं. ऐकलं गेलं नाही.

आता आपल्याकडे. मुंबईत दुरुस्ती कोणी करायची, हा प्रश्न आपण फार जुना ओळखतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती कोसळू लागल्या. म्हणून १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं, उपकर लागला. पुढे दुरुस्तीची जागा हळूहळू पुनर्विकासाने घेतली, आणि आज ‘जुनी इमारत’ म्हटलं की पुढचं वाक्य ‘पाडायची कधी?’ हेच असतं. काही ठिकाणी ते बरोबरही आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीला आणि सामाईक संडासाला पडवी जोडून प्रश्न सुटत नाही. खांबातल्या सळया गंजून फुगल्या असतील, तर बाहेरून काहीही जोडता येणार नाही.

पण सगळ्या इमारती तशा नाहीत. म्हाडाच्या, सिडकोच्या, सहकारी सोसायट्यांच्या तीन-चार मजली इमारती राज्यभर आहेत, सांगाडा धड असलेल्या. तिथे एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरची माणसं रात्री झोपू शकत नाहीत, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहतो. मग एसी येतो, त्याचं बिल येतं, आणि घर थोडं कमी परवडू लागतं. आपल्या देशात निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये आली. तिचा भर कशावर? नव्या इमारतींवर. १९७४ चा फ्रान्स आठवला ना?

उभ्या इमारतींसाठी लागणाऱ्या गोष्टी आपल्याकडे अनोळखी नाहीत. गच्चीवर कोबा आणि त्यावर पांढरे चायना मोझॅक, पश्चिमेच्या भिंतीला सावली, खिडकीवर पुरेसा छज्जा, जिन्यात खेळती हवा. सोसायटीच्या सभेत हा विषय गळती आणि रंगाच्या निमित्ताने येतोच. तेव्हा त्याच खर्चात उष्णतेचा विचार करता येतो. पण तिथेही पहिला प्रश्न तोच राहील: तळमजल्यावाल्याने वरच्या मजल्याच्या गच्चीसाठी पैसे का द्यायचे? आणि भाड्याने राहणाऱ्याला त्या सभेत बोलायला मिळतं का? त्याचं उत्तर आधी ठरवलं, तर बाकीचं काम गवंडी आणि इंजिनिअर करतील.

इथे थांबतो. प्रश्नोत्तरांत तुमच्या सोसायट्यांचे अनुभव ऐकायला आवडतील.